जुनं घर घेताय? आधी लेकींच्या सह्या बघा!

'घर पाहावं बांधून' असं आपल्या आजीपणजी सांगून गेल्या. पण दुसऱ्याने बांधलेलं, तीन पिढ्या नांदलेलं, दोन्ही अंगांनी शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लागून असलेलं घर विकत घ्यायचं झालं तर काय पाहावं, हे त्या म्हणीत नाही. आणि आज आपल्या गावोगावच्या कितीतरी मैत्रिणींपुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो.

आपण परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेचंच उदाहरण घेऊ. नदीचं नाव पूर्णा, गावाचं नाव पूर्णा, आणि गावाची ओळख मात्र रेल्वेची. १९०० च्या सुमारास निजामाच्या राजवटीत मनमाड–सिकंदराबाद मार्ग इथून गेला. पुढे हिंगोलीकडचा फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. अकोल्याकडची ती छोटी गाडी २००८ साली मोठ्या रुळांवर आली. अशा गावात कुठकुठून माणसे नोकरीला येतात. क्वार्टरमध्ये संसार मांडतात, मुलांच्या शाळा इथेच होतात, हळदीकुंकवाच्या ओळखी जिवाभावाच्या होऊन जातात. मग निवृत्तीचा कागद हातात पडतो. ठरावीक मुदतीत क्वार्टर सोडायचे असते. मूळ गावी कोण उरलेलं असतं? 'इथंच राहू' असं दोघांचंही ठरतं.

आता पर्याय दोन. गावाबाहेर प्लॉट घेऊन स्लॅबचं घर बांधायचं, नाहीतर जुन्या गावातल्या गल्लीतलं तयार घर घ्यायचं. प्लॉटवर मोकळी हवा खरी, पण रस्ता, नाली, नळ यांची वाट बघत बसावं लागतं, आणि संध्याकाळी साखर संपली तर कोणाच्या दारात जायचं? गल्लीतल्या घराला बाजार हाकेवर, दवाखाना जवळ, स्टेशन पायी गाठण्याजोगं. उतारवयात या गोष्टी फार मोलाच्या असतात. तेव्हा जुनं घर घ्यायला हरकत काहीच नाही. फक्त ते डोळे उघडे ठेवून घ्यायचं.

घर तीन वेळा बघा

साडी घेतानासुद्धा आपण दुकानाबाहेर उजेडात नेऊन बघतो. मग घर एकदाच, तेही दलाल सांगेल त्या वेळी का बघायचं?

पहिल्यांदा बघा मे महिन्यात, भर दुपारी. आपल्याकडे पारा ४४ अंशांच्या पुढे जातो, त्या वेळी आतल्या खोलीत कसं वाटतं ते कळतं. त्याच वेळी भिंतींच्या भेगाही दिसतात. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की भिंत तिच्याबरोबर हलते. केसासारखी बारीक भेग गिलाव्याची असू शकते. पण बोटाचं नख आत जाईल अशी, दाराच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली भेग असली तर जाणता गवंडी बोलवा.

दुसऱ्यांदा बघा चांगला पाऊस पडून गेल्यावर. छत कुठे टिपकते, न्हाणीचे पाणी कुठे जाते, गल्लीतली नाली तुंबली की पाणी उंबऱ्याच्या आत येते का, हे त्या दिवशी कोणी लपवू शकत नाही. पूर्णा नदीवर वरच्या बाजूला येलदरी आणि सिद्धेश्वर ही धरणे आहेत. भरल्या पावसाळ्यात तिथून पाणी सोडले की नदी फुगते. तेव्हा शेजारच्या आजींना सरळ विचारा, "मावशी, पुराचं पाणी कुठवर आलं होतं हो?" त्या हाताने भिंतीवरची खूण दाखवतील. त्या खुणेइतका खरा दाखला कुठल्याच कचेरीत मिळणार नाही.

तिसऱ्यांदा बघा रात्री. गल्लीत दिवा आहे का, दारात कोणाच्या गाड्या लागतात, नळाला पाणी किती दिवसांनी आणि किती वाजता येतं, हे सगळं तेव्हाच समजतं. पाणी रात्री दोनला येत असेल तर उठायचं तुम्हालाच आहे, बरं का!

डोक्यावरचं माळवद

मराठवाड्यातल्या जुन्या घरांना माळवद असते. सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर किलचन, आणि सगळ्यांवर मातीचा थर. उन्हाळ्यात असं घर थंडगार राहतं, हे सुख स्लॅबखाली नाही. पण पावसाळ्याआधी दरवर्षी गळती बुजवायला नवी माती टाकायची आपली रीत. जुनी काढायची मात्र कोणी नाही! पन्नास-साठ वर्षांत थर चढत चढत एक फुटाच्या वर जातो. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे साधा हिशेब केला तरी पाच टनांच्या आसपास वजन. भिजली की आणखी जड.

हे वजन काय करू शकते ते आपण पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हजारो माणसे गेली, ती जास्त करून दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदे अंगावर कोसळून. अलीकडेच, २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला, शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात साडेचारच्या आसपास तीव्रतेचे धक्के बसले. ते परभणी-नांदेडपर्यंत जाणवले. तेव्हा हा विषय लातूर-धाराशिवपुरता म्हणून सोडून देऊ नका.

घाबरून जायचंही कारण नाही. किल्लारीनंतर जुन्या घरांची मजबुती कशी करायची याचे शास्त्र चांगलेच पुढे आले आहे. माळवदावरची जादा माती उतरवायची, पातळ थर ठेवून त्याखाली पाणी न झिरपणारा कागद घालायचा. दगडी भिंत खरं म्हणजे दोन भिंतींची असते, आतलं तोंड आणि बाहेरचं तोंड, मध्ये माती नि कपच्या. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारे आरपार दगड नसतील तर भिंतीला पोट सुटतं. ठरावीक अंतरावर आरपार सांधे घालून घेतले की ती पुन्हा एकजीव होते. तुळई खांबाला तिरप्या पट्टीने जखडायची. हे काम अनुभवी अभियंत्याच्या सल्ल्यानेच करा.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. 'माळवद काढून वर स्लॅब टाकून देतो' असं कोणी सांगेल. मातीत बांधलेल्या जुन्या भिंतींवर सिमेंटचा स्लॅब म्हणजे म्हाताऱ्या बैलावर दोन गाड्यांचे ओझे. स्लॅब हवा असेल तर खालून नवे कॉलम घ्यावे लागतात, आणि तो खर्च नव्या घराइतकाच होतो.

लाकूड तपासायला सोपी युक्ती. तुळईवर दगडाने हलके ठोका. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ आला तर वाळवी आत पोचली आहे. भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी जाड दाभण टोचून पाहा. सहज आत गेलं तर ती तुळई बदलायची, असं धरून किमतीत तेवढं कमी करायला लावा.

मधली भिंत कोणाची?

ओळीतल्या घरात सगळ्यात नाजूक प्रश्न हा. एकाच भिंतीत इकडच्या तुळयांची टोके आणि तिकडच्याही तुळयांची टोके बसलेली असतात. ती भिंत सामाईक की एकट्याची, हे जुन्या खरेदीखताच्या चतुःसीमेत लिहिलेले असते. नसेल तर नव्या खरेदीखतात स्पष्ट लिहून घ्या.

नंतर शेजाऱ्यांकडे चहाला जा. खरंच जा! घर पाडून नवं बांधायचा त्यांचा विचार आहे का, ते कळू द्या. उद्या त्यांनी तुमच्या मातीच्या भिंतीलगत पाच फूट खोल पाया खणला तर तुमची भिंत खचायला एक पाऊस पुरतो. दोन घरांत आधीच ठरलं तर टप्प्याटप्प्याने खणता येतं, टेकू लावता येतात.

माळवदाची पन्हाळ कोणाच्या अंगणात पडते, आड सामाईक आहे का, मागच्या बोळातून कोणाची वहिवाट आहे का, शोषखड्डा किंवा संडासाची टाकी कोणाच्या जागेत आहे, हेही विचारून घ्या. या चार गोष्टींवरून गल्लीत पिढ्यान्पिढ्या बोलाचाली बंद झालेली घरे असतात.

कागद म्हणजे काय काय?

'कागदाचं हे बघतील' म्हणून आपण स्वयंपाकघराकडे वळतो. तसं करू नका. कागद वाचायला काही मोठी विद्या लागत नाही.

नगर परिषदेच्या कराच्या उताऱ्यावर नाव आहे, म्हणजे तो माणूस मालक आहे असं नाही. तो उतारा कर कोणाकडून घ्यायचा एवढंच सांगतो. मालकी ठरते ती नोंदणी झालेल्या खरेदीखतावरून, वाटणीपत्रावरून, वारसाहक्कावरून. त्या भागाचा सिटी सर्व्हे झालेला असेल तर मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड मागा आणि त्यावरचं क्षेत्र फीत लावून प्रत्यक्ष मोजा.

आपल्याकडचा आणखी एक विशेष. १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुने कागद उर्दूत सापडतात. जाणत्या माणसाकडून ते मराठीत करून घ्या. जागा इनामाची, देवस्थानची, वक्फची किंवा भोगवटादार वर्ग दोनची तर नाही ना, हे त्यातूनच उलगडतं. अशी जागा असेल तर सरकारी परवानगीशिवाय पुढे जाऊ नका.

वकिलाकडून दुय्यम निबंधक कार्यालयातला निदान तीस वर्षांचा शोध घ्या. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. आणि मूळ कागद हातात घेऊन बघा, झेरॉक्सवर भागवू नका. मूळ प्रत बँकेत किंवा पतसंस्थेत तारण असू शकते. घरात भाडेकरू असेल तर 'तो निघून जाईल' या शब्दावर पैसे देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, आणि भाडेकरूला त्याचे संरक्षण असते. घर रिकामे झालेले डोळ्यांनी पाहा, मग सही.

शंभराच्या, हल्ली पाचशेच्या, मुद्रांकावर नोटरी करून 'खरेदी' झालेली घरे गावात पुष्कळ असतात. त्या कागदाने मालकी मिळत नाही. इसारही चेकने किंवा बँकेतूनच द्या. घरजागेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रोख इसार घ्यायला २०१५ पासून कायद्याने बंदी आहे.

लेकींच्या सह्या

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुनं घर बहुधा वडिलांच्या, आजोबांच्या नावावर असतं. विकायला पुढे येतात ते दोघे-तिघे भाऊ. सगळे भाऊ सही करायला तयार असतात, आणि आपण खूश होतो. तुम्ही मात्र एक प्रश्न विचारा: "तुम्हाला बहिणी किती?"

त्यावर बऱ्याचदा उत्तर येतं, "त्यांचं काय? त्या दिल्या घरी सुखी आहेत." किंवा, "त्यांच्या लग्नात आम्ही खर्च केलाय." मैत्रिणींनो, कायद्यापुढे हे उत्तर चालत नाही. वडिलांची स्वकष्टार्जित मिळकत असेल आणि ते मृत्युपत्र न करता गेले असतील, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि वडिलांची आई यांना सारखा वाटा मिळतो. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मतः हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला, तोही त्याआधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. २००५ च्या दुरुस्तीने तो साऱ्या देशात आणि लग्न झालेल्या मुलींनाही मिळाला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट सांगितले की २००५ साली वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क आहेच. २० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर झालेले वाटप किंवा विक्री तेवढी सुरक्षित. हा कायदा बौद्ध, जैन, शीख कुटुंबांनाही लागू आहे. मुसलमान कुटुंबातही शरियतप्रमाणे मुलीला वाटा असतो.

म्हणजे बहिणींनी एकतर खरेदीखतावर भावांबरोबर विकणार म्हणून सही करावी, नाहीतर आधी नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून द्यावे. साध्या कागदावरची 'संमती' पुरत नाही. एखादी बहीण वारली असेल तर तिच्या वारसांच्या सह्या. हे टाळलंत आणि पाच वर्षांनी एका बहिणीने दावा लावला, तर तुमचं निवृत्तीचं सगळं पुंजीपाणी त्या दाव्यात अडकतं.

पण मला हे केवळ तुमच्या पैशाच्या काळजीने सांगायचं नाही. जिच्या सहीवाचून तुम्ही घर घेणार, ती कोण? या घराच्या ओसरीवर सागरगोटे खेळलेली, इथूनच मुंडावळ्या बांधून निघालेली लेक. तिला कळतंसुद्धा नाही, आणि माहेर विकलं जातं. उद्या तुमच्या माहेरी हेच व्हायचं असेल तर? तेव्हा भावांना गोडीने सांगा, "ताईंना बोलवा. त्यांचा वाटा त्यांना द्या किंवा त्यांनी राजीखुशीने सोडू द्या. पण त्यांना विचारा." काही ठिकाणी व्यवहार दोन महिने लांबेल. लांबू द्या. एखादा भाऊ चिडून दुसरं गिऱ्हाईक बघेल. बघू द्या. ज्या घरासाठी लेकीला फसवावं लागतं, ते घर आपल्याला नको.

खरेदीखतावर कोणाचं नाव?

आता तुमच्या घरातला प्रश्न. घराच्या पैशात बांगड्या मोडलेल्या असतात, भिशी फोडलेली असते, वर्षानुवर्षं काटकसर करून साठवलेलं असतं. आणि खरेदीखतावर नाव एकट्या मालकांचं! भांडायची गोष्ट नाही ही, बोलायची आहे. व्यवहाराआधीच शांतपणे बोला.

सरकारनेही तुमची बाजू थोडी सोपी केली आहे. राहते घर फक्त स्त्रीच्या नावाने घेतले तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पंधरा लाखांच्या घरावर पंधरा हजार वाचले! आधी अशी अट होती की ते घर पंधरा वर्षे पुरुषाला विकता येणार नाही. ती २०२३ साली काढून टाकली. मात्र नवरा-बायको दोघांच्या नावे घेतल्यास ही सवलत मिळत नाही. तरीही दोघांचं नाव लावणं पुष्कळांना बरं वाटतं, आणि त्यात गैर काहीच नाही. दोहोंपैकी काय, ते तुमचं तुम्ही ठरवा. फक्त तुमचं नाव असू द्या.

नाव लागलं की आणखी दोन कामं. तुमचे पैसे तुमच्या खात्यातून चेकने जाऊ द्या, सोनं मोडल्याची पावती फाइलला ठेवा. आणि मृत्युपत्र करा. हिंदू स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत आधी मुले आणि नवरा यांच्याकडे जाते. मुले नाहीत, नवराही नाही, अशी स्थिती असेल तर तिने स्वतः कमावलेलीसुद्धा नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईचा नंबर त्यानंतर लागतो. तुमच्या म्हाताऱ्या आईसाठी काही ठेवायचं असेल तर ते लिहूनच ठेवायला हवं.

हिशेबाची वही

किमतीखेरीज मुद्रांक शुल्क लागते. ठरलेली किंमत आणि सरकारी दर यांत जे जास्त असेल त्यावर ते धरतात. नोंदणी फी एक टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. वकील, मोजणी, थकलेला घरकर, पाणीपट्टी, वीजबिल हे वेगळे. थकबाकी विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या.

आणि माझं ऐकाल तर घराच्या किमतीचा निदान पाचवा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवूनच 'हो' म्हणा. तो पैसा नसेल तर ते घर आपल्याला परवडत नाही, असं समजा. दुरुस्तीचा क्रमही ठरवून घ्या. आधी छत आणि भिंत. मग वीज: जुन्या वायरी काढून नव्या, नीट अर्थिंग आणि धक्का बसताच वीज तोडणारा स्विच. मग पाणी आणि सांडपाणी. ओटा, फरशी, रंग ही हौस सगळ्यांत शेवटी. हौसेचं काम आधी केलं की पहिल्याच पावसात नव्या रंगावर ओघळ येतात.

खरेदी झाल्यावर आळस नको. प्रॉपर्टी कार्डावर, नगर परिषदेत आणि वीजबिलावर नाव लावून घ्या. मूळ कागदांचा एक संच कपाटात नि किल्ली दोघांकडे.

एवढं सगळं करून तुम्ही त्या घरात गेलात, की वास्तुशांतीला एक आमंत्रण मात्र विसरू नका. ज्यांच्या सह्या तुम्ही मिळवल्यात त्या बहिणींना बोलवा. खणानारळाने ओटी भरा. माहेर विकलं गेलं तरी त्या उंबऱ्यावर त्यांना हक्काने 'या' म्हणणारं कोणी आहे, एवढं त्यांना पुरे होईल. आणि गल्लीतल्या जुन्या गोष्टी, आडाला पाणी कधी आटतं, कोणती भिंत कधी बांधली, हे सगळं त्यांच्याइतकं नीट तुम्हाला दुसरं कोण सांगणार?